रिकाम्या वेळेचं इंग्रजी: परदेशी ऑफिसात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शाळेत इंग्रजीच्या पेपरात वाक्प्रचारांचे मार्क आपण सगळ्यांनीच पदरात पाडून घेतलेले असतात. पुढे नोकरीसाठी ब्रिटनला किंवा अमेरिकेला आलं की पहिल्या आठवड्यातच कळतं, कामाचं इंग्रजी जमतंय, पण काम नसतानाचं जमत नाहीये. मीटिंगमध्ये प्रोजेक्टवर तासभर बोलणारा माणूस ‘वीकएंडला काय केलंस?’ या प्रश्नाला ‘नथिंग, जस्ट टाइमपास’ एवढं म्हणून गप्प बसतो. टाइमपास हा शब्द आपल्याकडचा. लीड्स किंवा बर्मिंगहॅमच्या माणसाला तो कळत नाही, आणि गप्पा तिथेच संपतात.

मी इंग्लंडमध्ये नोकरी करते. नव्याने आलेली मराठी मुलंमुली याच जागी अडखळताना दिसतात, म्हणून हे क्रमाने लिहून काढलंय. उदाहरणं बहुतेक ब्रिटिश आहेत, अमेरिकेतला फरक पुढे वेगळा दिलाय. पुण्यात किंवा हिंजवडीत बसून ब्रिटिश क्लायंटशी कॉलवर बोलणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगते. माशा मारणं, लोळणं, ताटकळणं आणि टंगळमंगळ करणं यांत मराठीत आपण कधी गल्लत करत नाही. बँकेच्या रांगेत उभा असलेला माणूस ‘मी इथे लोळतोय’ म्हणत नाही. इंग्रजीतही हे कप्पे तितकेच पक्के आहेत. पण पाठ्यपुस्तकातल्या यादीत सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहिलेला असतो, ‘काही न करणे’, आणि मग ताटकळण्याच्या जागी लोळणं येतं.

हाताशी काय असावं

- लर्नर्ससाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिजची, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. यांत अर्थाबरोबर ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘ब्रिटिश इंग्लिश’ असे शेरे असतात. आपल्या कामाचे तेच. ‘डिसअप्रूव्हिंग’ दिसलं की समजायचं, हा शब्द दुसऱ्याला उद्देशून वापरायचा नाही.
- एक वही किंवा फोनमधली नोट. नुसता वाक्प्रचार लिहू नका, ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा आणि कोण कुणाला म्हणालं तेही.
- बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘द इंग्लिश वी स्पीक’ हा कार्यक्रम. प्रत्येक भाग काही मिनिटांचा आणि एकाच शब्दाबद्दल. बसमध्ये ऐकून होतो.
- ‘हे म्हणजे काय रे?’ असं न लाजता विचारता येईल असा एक तरी इंग्रज सहकारी.

१. रिकामपण कुठल्या कप्प्यातलं ते आधी ओळखा

तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारायचं, हे रिकामपण कुणाच्या मर्जीचं? समजा दुपारी तुम्ही जागेवर नव्हता आणि नंतर कुणी विचारलं, कुठे होतास. चार उत्तरं बघा.

‘आय वॉज पुटिंग माय फीट अप’ म्हणजे मी मुद्दाम आराम करत होतो, आणि त्यात काही गैर नाही. ‘आय वॉज ॲट अ लूज एंड’ म्हणजे माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. दोष कुणाचाच नाही. ‘आय वॉज किकिंग माय हील्स’ म्हणजे मला कुणीतरी ताटकळत ठेवलं, दोष त्याचा. आणि ‘आय वॉज स्कायव्हिंग’ म्हणजे काम होतं, मी ते चुकवलं. दुपार तीच, पण चौथ्या उत्तरावर मॅनेजर तुम्हाला बाजूला बोलावून घेईल.

सुखाचं, मोकळं, लादलेलं आणि चोरलेलं, असे हे चार कप्पे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

२. सोमवार सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसाची खरी परीक्षा ऑफिसच्या किचनमध्ये होते. चित्र असं. किटली उकळतेय, तुम्ही मग हातात घेऊन उभे आहात. शेजारचा टी-बॅग शोधता शोधता विचारतो, ‘गेट अप टू मच ॲट द वीकएंड?’

पहिला सापळा प्रश्नातच आहे. ‘गेट अप’ ऐकून उठण्याची वेळ सांगायची नाही. ‘गेट अप टू’ म्हणजे काय काय उद्योग केलेत. दुसरा सापळा उत्तराच्या लांबीचा. त्याला ना शनिवार-रविवारचा अहवाल हवा असतो, ना ‘नथिंग’ हा एकच शब्द. एक वाक्य बोलायचं, स्वतःला जरा कमीपणा घ्यायचा, आणि प्रश्न परत त्याच्याकडे टोलवायचा. ‘नॉट मच, जस्ट पॉटर्ड अबाउट. यू?’ पाणी उकळेपर्यंत संभाषण पूर्ण होतं आणि तुम्ही टीममधले झालेले असता.

हा ‘पॉटर अबाउट’ माझ्या मते नव्या माणसाच्या सगळ्यात उपयोगाचा. घरातल्या घरात किंवा बागेत, घाई न करता, बारीकसारीक काहीबाही करत राहणं. कुंडीतली माती उकरली, ड्रॉवर आवरला, मध्येच चहा केला, पुन्हा ड्रॉवरकडे आलो. आपण म्हणतो ना, ‘काही नाही गं, इकडचं तिकडचं करत बसले होते’, अगदी तेच. इंग्लंडमध्ये याला प्रतिष्ठा आहे. निवृत्त माणसाने ‘आय लाइक टू पॉटर अबाउट इन द गार्डन’ म्हटलं की त्याचं आयुष्य छान चाललंय असं समजतात.

याच कप्प्यातले आणखी काही:

‘हॅव अ लाय-इन’. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहणं. खोटं बोलण्याशी याचा संबंध नाही. इथे आपला एक जुना घोटाळा सांभाळा. ‘आय स्लेप्ट लेट’ असं आपण म्हणतो तेव्हा उशिरा झोपलो असं म्हणायचं असतं. इंग्रज माणसाला मात्र तुम्ही उशिरापर्यंत झोपून राहिलात असं ऐकू येतं. उशिरा झोपलो असेल तर ‘आय वेंट टू बेड लेट’. उशिरा उठलो असेल तर ‘आय हॅड अ लाय-इन’ किंवा ‘आय स्लेप्ट इन’. आणि गजर वाजूनही जाग आली नाही, ट्रेन चुकली, असं असेल तर ‘आय ओव्हरस्लेप्ट’. यातल्या पहिल्या तिघांवर कुणी काही बोलणार नाही. ओव्हरस्लेप्टला माफी मागायची असते.

‘पुट माय फीट अप’. फीट, लेग्ज नव्हे! मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पाय एकच, त्यामुळे आपल्या तोंडी हमखास ‘लेग्ज अप’ येतं. ‘गिव्ह समवन अ लेग अप’ म्हणजे एखाद्याला वर चढायला हात देणं, मदत करणं. ‘पुट युवर फुट डाउन’ म्हणजे ठामपणे नाही म्हणणं, आणि ब्रिटनमध्ये गाडी जोरात पळवणंही. ‘पुट युवर फुट इन इट’ म्हणजे बोलून पचका करून घेणं. पायांच्या बाबतीत अंदाजाने बोलू नका.

‘व्हेज आउट’. टीव्हीसमोर निपचित पडून राहणं, मेंदू बंद. शाकाहाराशी याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे ‘आय व्हेज्ड आउट ऑल संडे’ ऐकून ‘अरे वा, मी पण व्हेजिटेरियनच’ म्हणू नका.

‘चिल’ सगळ्यांना माहीतच आहे. फक्त ‘नेटफ्लिक्स अँड चिल’ हे जोडनाव टाळा. सिनेमा बघत लोळणं असा त्याचा अर्थ राहिलेला नाही. ते शारीरिक जवळिकीचं आडवळणाचं आमंत्रण झालंय. ऑफिसातल्या कुणाला असा मेसेज गेला तर निस्तरणं अवघड जाईल.

३. ऑफिसात काम नसेल तेव्हा काय म्हणायचं

आपल्याकडे ‘आय ॲम सिटिंग आयडल’ हे वाक्य सर्रास चालतं. मॅनेजरलाही लोक बिनदिक्कत सांगतात. तिकडे ‘आयडल’ यंत्राला शोभतं, किंवा चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीच्या इंजिनाला. माणसाला लावलं की आळशी असा वास येतो. ‘बोन आयडल’ तर त्याहून पुढचं: आपण कौतुकाने हाडाचा शिक्षक म्हणतो, तसा हा हाडाचा आळशी, कौतुक वजा करून.

मग म्हणायचं काय? सरळ, कामाच्या भाषेत: ‘आय हॅव गॉट सम कपॅसिटी धिस आफ्टरनून’. माझ्याकडे आज दुपारी जागा आहे, काम द्या. टीमच्या ग्रुपवर जरा घरगुती सुरात लिहायचं असेल तर ‘आय ॲम ॲट अ बिट ऑफ अ लूज एंड, कॅन आय गिव्ह एनीवन अ हँड?’ हे वाक्य जसंच्या तसं उचला. ब्रिटिश ऑफिसात ते कानाला गोड लागतं, कारण रिकामपण सांगता सांगता मदत देऊ केलेली असते.

पण लूज एंड एकवचनीच ठेवा. ‘लूज एंड्स’ झालं की अर्थ उलटा. ‘टाय अप द लूज एंड्स’ म्हणजे राहिलेली किरकोळ कामं उरकून टाकणं. ‘आय हॅव सम लूज एंड्स’ म्हणालात तर समोरचा समजेल की तुमच्याकडे अजून कामं शिल्लक आहेत, आणि तुम्हाला हवं ते काम शेजाऱ्याला जाईल.

‘ट्विडलिंग माय थम्ब्ज’ हा आपल्या माशा मारत बसण्याचा सख्खा भाऊ. क्रिया करून बघा: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायची, हात पोटावर किंवा मांडीवर ठेवायचे आणि दोन अंगठे एकमेकांभोवती गोल गोल फिरवत राहायचे. थम्ब्ज अनेकवचनीच हवं, एका अंगठ्याने हा खेळ होत नाही. आता सूर. सर्व्हर सकाळपासून बंद आहे म्हणून ‘वी आर ऑल ट्विडलिंग अवर थम्ब्ज’ म्हटलं तर सगळे हसतील. तेच मॅनेजरला ‘आय हॅव बीन ट्विडलिंग माय थम्ब्ज सिन्स मंडे’ म्हटलंत तर ती तक्रार झाली: तुम्ही मला काम दिलं नाहीत. तक्रार करायचीच असेल तर खुशाल करा, पण ती तक्रार आहे हे माहीत असू द्या.

‘टाइम ऑन माय हँड्स’मध्ये अडचण शब्दयोगी अव्ययाची. आपण ‘हातात वेळ आहे’ म्हणतो, म्हणून ‘इन माय हँड’ तोंडात येतं. ‘ऑन’ आणि ‘हँड्स’, दोन्ही पक्कं करा. ‘आय हॅव गॉट सम टाइम ऑन माय हँड्स’ असं स्वतःबद्दल म्हणायला काही हरकत नाही. दुसऱ्याबद्दल म्हणायची हरकत आहे, तिकडे पुढे येतेच.

आयटीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ‘ऑन द बेंच’ आपल्याला इतकं सवयीचं आहे की ते कंपनीबाहेर कळेल की नाही असा विचारही मनात येत नाही. ब्रिटिश माणसाला आधी फुटबॉलचे राखीव खेळाडू आठवतात. शिवाय ‘द बेंच’ म्हणजे न्यायासनही. आयटी आणि कन्सल्टिंगमध्ये बेंच चालतं, घरमालकाला किंवा व्हिसाच्या मुलाखतीत ‘आय ॲम बिटवीन प्रोजेक्ट्स’ म्हणा. आणि मोठ्या कन्सल्टिंग कंपनीतला कुणी ‘ऑन द बीच’ आहे असं कळलं, तर तो कळंगुटला गेलेला नाही, त्याच्याकडेही प्रोजेक्ट नाही इतकंच.

४. ताटकळावं लागलं तर

इथे टाचांचा गोंधळ आहे. ‘कूल माय हील्स’ आणि ‘किक माय हील्स’ या दोन्हींत कुणीतरी तिष्ठत ठेवलंय आणि आपण वैतागलोय. दुसरा वाक्प्रचार जास्त ब्रिटिश. पण त्याला ‘अप’ चिकटलं की ‘किक अप युवर हील्स’ म्हणजे मजा करणं, नाचणं-बागडणं! दवाखान्याच्या वेटिंग रूममधून ‘किकिंग अप माय हील्स’ असा मेसेज पाठवलात तर मित्राला वाटेल पार्टीत आहात. आणि ‘डिग इन युवर हील्स’ म्हणजे हट्टाला पेटणं. टाचांच्या बाबतीतही पायांचाच नियम.

‘किल टाइम’ सोपा वाटतो, पण आपल्या ‘वेळ मारून नेणे’शी त्याची गाठ घालू नका. वेळ मारून नेणं म्हणजे अडचणीच्या प्रसंगी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटका करून घेणं. ‘किल टाइम’मध्ये अडचणही नाही आणि थापही नाही. ट्रेनला चाळीस मिनिटं आहेत, तोवर स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात रमलो, हे किल टाइम. ‘आय हॅव सम टाइम टू किल’ असंही ऐकाल. दोन ठरलेल्या गोष्टींच्या मधल्या फटीसाठीच तो वापरतात, अख्ख्या रविवारसाठी नाही.

बोलून निसटायचं असेल, तर इंग्रजीत ‘बाय टाइम’ आहे: वेळ विकत घेणं. क्लायंटने प्रश्न विचारलाय, उत्तर तयार नाही, ‘लेट मी सर्कल बॅक’ म्हणून दोन दिवस मिळवले. आपली वेळ मारून नेण्याची कला इथे बसते.

वेळ जाता जात नसेल तर ‘टाइम हँग्ज हेवी’. आजारपणात, निवृत्तीनंतर, हिवाळ्यात. हे पुस्तकी वळणाचं आहे. मी बोलताना फारसं ऐकलेलं नाही, पण लेखांमध्ये भेटेल. उलट वेळ मजेत गेला तर ‘व्हाइल अवे द आफ्टरनून’ आणि वाया घालवला तर ‘फ्रिटर अवे’.

५. कामचुकारपणाचे शब्द: कान उघडे, तोंड बंद

या पायरीवरचे शब्द कळायलाच हवेत, पण पहिलं वर्षभर तरी वापरू नका.

‘स्काइव्ह’ म्हणजे काम चुकवणं, दांडी मारणं. पूर्ण ब्रिटिश. ‘बंक ऑफ’ शाळा-कॉलेज बुडवण्यासाठी. आपण ‘लेक्चर बंक केलं’ म्हणतो ते इथलंच, पण आपण ‘ऑफ’ गाळून टाकलंय. नुसतं ‘बंक’ म्हणजे होस्टेलातला एकावर एक पलंग. ‘थ्रो अ सिकी’ म्हणजे ठणठणीत असताना आजारी असल्याचा फोन करून रजा टाकणं. हे स्वतःबद्दल गमतीनेही म्हणू नका, कारण बऱ्याच ठिकाणी ती शिस्तभंगाची बाब आहे. ‘स्विंग द लेड’ जुन्या पिढीकडून ऐकाल, अर्थ तोच, कामाचं सोंग.

‘नॉट लिफ्ट अ फिंगर’ म्हणजे इकडची काडी तिकडे न करणं. घरकामावरून होणाऱ्या भांडणात हा हमखास येतो. चार जणांत फ्लॅट घेतलात तर सिंकमधल्या भांड्यांच्या निमित्ताने लवकरच ऐकायला मिळेल.

‘सिटिंग ऑन देअर हँड्स’ बातम्यांत फार. सरकार, पोलिस, पाणी कंपनी, सगळे. दिसायला आपल्या हातावर हात धरून बसण्यासारखा, आणि अर्थही तोच: करायला हवं होतं, केलं नाही. त्यामुळे मोकळा वेळ होता या अर्थाने वापरलात तर स्वतःवरच आरोप होईल.

यांच्यातला एक सौम्य शब्द मात्र लवकर शिकून घ्या: ‘फाफ अबाउट’. काम करत असल्यासारखं दिसतंय, पण पुढे काही सरकत नाही. टंगळमंगळ म्हणा. बाहेर पडायचंय, सगळे दारात उभे आहेत, आणि एक जण चावी, मग चष्मा, मग पुन्हा फोन शोधतोय: ‘स्टॉप फाफिंग अबाउट!’ क्लिष्ट फॉर्म भरायचा असेल तर ‘व्हॉट अ फाफ’. यात राग असला तरी विखार नाही. याच साच्यातले, मागे ‘अबाउट’ लागलेले बरेच शब्द शिवराळ आहेत. मित्रांच्या तोंडी रोज ऐकाल, पण शेरे न बघता उचलू नका. ‘मेस अबाउट’ तेवढा सोज्वळ आहे.

६. दुसऱ्याला म्हणण्याआधी दहादा विचार करा

कुणीतरी काड्यापेटीच्या काड्यांचा राजवाडा बांधला, त्याचा फोटो फिरतोय, खाली कुणी लिहितं: ‘सम पीपल हॅव टू मच टाइम ऑन देअर हँड्स’. हे म्हणजे थेट ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’. ‘सम’च्या जागी ‘टू मच’ आलं की तटस्थ वाक्प्रचाराचा टोमणा होतो. सहकाऱ्याने हौसेने केलेल्या एक्सेल शीटचं कौतुक करायला गेलात आणि हे बोलून बसलात तर तो मनात ठेवेल.

‘टेक युवर टाइम’ हा साधा धीर देणारा. आपण त्यात ‘ओन’ घालतो, ‘टेक युवर ओन टाइम’. ते घालू नका. ब्रिटिश सुरात ‘इन युवर ओन टाइम’ हे बऱ्याचदा ‘झालं का महाराज?’ असं असतं, आणि ‘इन युवर ओन स्वीट टाइम’ तर उघड चिमटा.

‘काउच पोटॅटो’, म्हणजे सोफ्यावर टीव्हीपुढे पडीक असलेला माणूस, अमेरिकेत १९७०च्या दशकात जन्मला आणि जगभर गेला. ब्रिटनच्या बटाटा उत्पादकांना मात्र तो झोंबला. बटाट्यासारख्या पौष्टिक भाजीची बदनामी होते म्हणून २००५ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये आणि लंडनमध्ये निदर्शनं केली आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातून हा शब्द काढा, त्याऐवजी ‘काउच स्लाउच’ म्हणा, अशी मागणी केली. काउच पोटॅटो अजून शब्दकोशात आहे. स्वतःला बिनधास्त म्हणा, दुसऱ्याला मैत्री असेल तरच.

‘रेस्ट ऑन युवर लॉरल्स’ म्हणजे जुन्या यशावर तंगड्या पसरून बसणं. लॉरल म्हणजे विजेत्यांच्या डोक्यावरचा पानांचा मुकुट, प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या स्पर्धांत तो देत. मॅनेजर ‘लेट्स नॉट रेस्ट ऑन अवर लॉरल्स’ म्हणाला की आधीचं कौतुक संपलं, पुढचं टार्गेट येतंय.

आणि ‘द डेव्हिल मेक्स वर्क फॉर आयडल हँड्स’, आपलं ‘रिकामं मन सैतानाचं घर’. आयझॅक वॉट्स या पाद्र्याने १७१५ साली मुलांसाठीच्या पद्यांत हा विचार घातला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी तो पाठ केला. आता ही म्हण आजी-आजोबांच्या तोंडी किंवा थट्टेतच येते. थट्टेतही ती आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला ऐकवायची नाही.

७. रजेच्या कागदपत्रांतले शब्द

हे वाक्प्रचार कमी आणि व्यवहार जास्त, पण यांच्यावरून गैरसमज खूप होतात.

‘बँक हॉलिडे’ ही फक्त बँकांची सुट्टी नाही, ती सार्वजनिक सुट्टी. १८७१ च्या कायद्याने सुरू झाली, नाव तेवढं राहिलं. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला आठ असतात. तुमच्या करारात त्या वार्षिक रजेत धरल्यात की वेगळ्या, हे सही करण्याआधी बघा.

‘गार्डनिंग लीव्ह’. राजीनामा दिल्यावर नोटीस पिरियडमध्ये पगार चालू, पण ऑफिसात यायचं नाही आणि दुसरीकडे रुजूही व्हायचं नाही. प्रतिस्पर्धी कंपनीत ताजी माहिती जाऊ नये म्हणून. बागकाम सक्तीचं नाही.

‘ड्युव्हे डे’. काही कंपन्या वर्षातून एखाद-दोन दिवस ऐनवेळी, कारण न सांगता घरी राहायची मुभा देतात, तो दिवस. ड्युव्हे म्हणजे दुलई. पॉलिसीत लिहिलं असेल तरच मागा. नसेल तर तो सिकी ठरतो.

‘फर्लो’ आपल्याला बातम्यांतून माहीत आहे, कैद्यांची संचित रजा. त्यामुळे सहकारी ‘आय वॉज फर्लोड इन ट्वेंटी ट्वेंटी’ म्हणाला तर दचकू नका. कोविडमध्ये मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ दरम्यान ब्रिटिश सरकारची योजना होती. काम बंद असलेल्यांच्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत, महिन्याला कमाल २,५०० पौंड सरकार देत असे. शेवटच्या महिन्यांत त्यातला काही वाटा कंपन्यांवर आला.

‘बसमन्स हॉलिडे’ म्हणजे सुट्टीतही आपलंच रोजचं काम करत बसणं. दिवाळीला घरी गेलात आणि काका, मामा, शेजारी असे सगळ्यांचे लॅपटॉप दुरुस्त करून परत आलात, तर ती बसमन्स हॉलिडे. पुढच्या सोमवारी किचनमध्ये सांगा, दाद मिळेल.

८. अमेरिकेत असाल तर

- पॉटर अबाउटचं ‘पटर अराउंड’ होतं.
- ‘ॲट अ लूज एंड’चं ‘ॲट लूज एंड्स’ होतं, आणि त्यात आयुष्यात पुढे काय करावं ते सुचत नाहीये अशीही छटा येते. तिसऱ्या पायरीवरचा एकवचनाचा नियम ब्रिटनपुरता.
- स्काइव्ह फारसं कुणाला कळणार नाही. ‘गूफ ऑफ’, ‘स्लॅक ऑफ’ म्हणतात. शाळा बुडवणं ‘प्ले हुकी’.
- ब्रिटनमध्ये ‘मूच अबाउट’ म्हणजे उगाच इकडेतिकडे रेंगाळणं. अमेरिकेत ‘मूच’ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर फुकट खाणं, ऐतखाऊपणा. लंडनहून न्यू जर्सीला बदली झालेल्यांनी विशेष सांभाळा.
- ‘लोफ अराउंड’ अमेरिकन. त्यातलाच ‘लोफर’. मराठीत लोफर म्हणजे टवाळ, रस्त्यावर मुलींची छेड काढणारा. इंग्रजीत तो नुसता निरुद्योगी, आणि बहुतेक वेळा तर पायातला बूट.

९. सराव कसा करायचा

एका वेळी एकच घ्या. आधी तो दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका, मगच वापरा. पहिला प्रयोग स्वतःवर, भूतकाळात आणि तक्रार नसलेल्या वाक्यात: ‘आय जस्ट पॉटर्ड अबाउट’, ‘आय हॅड अ लाय-इन’. ही वाक्यं कुणाला लागत नाहीत.

प्रत्येक वाक्प्रचारातला बदलणारा भाग अधोरेखित करा. ट्विडल माय थम्ब्जमध्ये ‘माय’ बदलतो: तो असेल तर ‘हिज’, आम्ही असू तर ‘अवर’. लूज एंडमध्ये काहीच बदलत नाही. ही खूण वहीत असली की बोलताना चाचपडावं लागत नाही.

एका वाक्यात दोन वाक्प्रचार घालू नका. ‘आय वॉज ॲट अ लूज एंड सो आय पुट माय फीट अप टू किल टाइम’ हे व्याकरणात बसतं, पण असं इथे कोणी बोलत नाही.

इंटरव्ह्यूमध्ये ‘व्हॉट डू यू डू इन युवर स्पेअर टाइम?’ आलं तर यातला एकही वाक्प्रचार काढू नका. तिथे ठोस गोष्ट सांगायची: शनिवारी क्लबकडून क्रिकेट खेळतो, तबला वाजवते, गणेशोत्सवात मंडळाचं नाटक बसवतो. दोन वाक्यांत कुठे, कुणाबरोबर ते सांगा आणि थांबा. पॉटरिंग नोकरी लागल्यावर.